खर्र्यानं बंद झालेलं तोंड: लेझर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काय काय करायचं

दादाचं तोंड बंद होत चाललंय हे आम्हाला पहिल्यांदा कळलं ते गुपचूपच्या ठेल्यावर. पुण्यामुंबईकडे पाणीपुरी म्हणतात तीच. सगळे अख्खी तोंडात टाकत होते आणि हा बाजूला उभा राहून वाटीत फोडून चमच्यानं खात होता, विचारलं तर म्हणे तिखट झोंबतं. वर्षभर आम्ही तेच धरून बसलो. झोंबणं हे खरंच पहिलं लक्षण असतं, पण फोडून खाण्याचं कारण दुसरंच होतं, अख्खी आत जातच नव्हती.

खर्रा म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, ती खाऊन खाऊन हे होतं. या रोगाला डॉक्टर लोक ओएसएमएफ (ओरल सबम्यूकस फायब्रोसिस) किंवा नुसतं एसएमएफ म्हणतात, म्हणजे गाल आतून आखडून तोंड उघडेनासं होणं, आपल्याकडे म्हणतात "तोंड लागलं". दादाची दोन ऑपरेशनं झाली. पहिलं वाया गेलं, दुसरं लागू पडलं, आणि लेझर दोन्हीत होतं, म्हणून हे लिहायला बसलोय. मी डॉक्टर नाही, फाइल घेऊन मागे फिरणारा धाकटा भाऊ आहे, तेव्हा औषधाचे डोस वगैरे मला विचारू नका. पण कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं आणि घरी काय करायचं ते आता पाठ झालंय.

आधी तोंड मोजा

आरशासमोर उभे राहा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरा आणि उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. स्वतःचीच बोटं, दुसऱ्याची नाही. तीन गेली तर ठीक, दोनच जात असतील तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली, दीड बोट जात असेल तर वेळ टळून चालली आहे. नेमकं मोजायचं तर प्लास्टिकची पट्टी घ्या आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत माप घ्या. एक गंमत सांगतो, पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, आम्ही पहिले दोन महिने पट्टीच्या टोकापासून मोजत होतो आणि तोंड आहे त्याहून कमी उघडतंय म्हणून घाबरत होतो.

मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. बरेच सर्जन १९९५ सालच्या खन्ना आणि अँड्राडे यांच्या वर्गवारीनं बोलतात. ३५ च्या वर पहिला गट, २६ ते ३५ दुसरा, १५ ते २५ तिसरा, १५ च्या खाली चौथा, आणि त्या चौथ्यातच ज्यांच्या तोंडात कॅन्सरची किंवा कॅन्सरआधीची खूण दिसते त्यांचा वेगळा भाग. केसपेपरवर असं काही लिहिलं असेल तर ते हे आहे.

अजून तीन गोष्टी बघा. गाल फुगवता येतात का, शिट्टी वाजते का, जीभ ओठाच्या बाहेर नीट येते का. मग हात धुऊन बोट गालाच्या आतून फिरवा. निरोगी गाल मऊ ओला लागतो. दादाच्या गालात वरून खाली उभ्या ताठ दोऱ्या लागत होत्या, खाटेच्या सुतळीसारख्या, आणि टाळू गुलाबी असायच्या ऐवजी पांढरट पडलेली.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, हा रोग मुख्यतः सुपारीचाच आहे. तिच्यातलं अ‍ॅरेकोलीन गालाच्या पेशींना जास्त कोलॅजन, म्हणजे चिवट धागे, बनवायला लावतं आणि सुपारीतलं तांबं त्या धाग्यांची वीण इतकी घट्ट करतं की शरीराला ती मोडताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, पण आमच्याकडे विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतोच की. सुपारी, तंबाखू, चुना. दादा दिवसाला सहा पुड्या खायचा.

लेझर लावायच्या आधी तुकडा तपासायला

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर आधी बायोप्सी. लेझर असलेल्या काही ठिकाणी "चट्टा आहे ना, दहा मिनिटांत जाळून टाकू" म्हणतात. जाळून टाकलं की तपासायला काहीच उरत नाही, आणि त्या चट्ट्याखाली काय होतं हे कायमचं गुलदस्त्यात राहतं. चट्टा लेझरनं काढायला हरकत नाही, पण कापून अख्खा काढून लॅबला पाठवायचा. लेझरच्या उष्णतेनं तुकड्याची कड भाजते आणि लॅबवाल्याला ती वाचता येत नाही, म्हणून पहिली बायोप्सी साध्या ब्लेडनं घेणार की कसं हे विचारा, किंवा लेझरनंच घेणार असतील तर कडेला जादा जागा सोडून घ्या म्हणा. रिपोर्टमध्ये डिस्प्लेजिया शब्द आला तर त्याचा अर्थ पेशी बिघडायला लागल्यात, अजून कॅन्सर नाही, पण ढिलाई चालणार नाही. आणि कॅन्सरच निघाला तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ परळचं टाटा, नाहीतर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल गाठा.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. तोंड बऱ्यापैकी उघडत असेल तर खाणं बंद, व्यायाम, गोळ्या आणि गालात स्टिरॉइड अन् हायल्युरोनिडेजची (आखडलेला भाग सैल करणारं औषध) इंजेक्शनं यावर बऱ्याच लोकांचं भागतं. पण दोऱ्या जाड झाल्या, २५ च्या खाली आणि खास करून १५ च्या खाली गेलं, की इंजेक्शनं टोचत बसण्यात अर्थ नसतो.

लेझर म्हणजे नेमकं काय

यात एक आपली गोष्ट आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर, जे तोंडाच्या मऊ भागासाठी जगभर वापरतात, ते १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी बनवलं, आणि हे गृहस्थ जन्मले बारामतीत आणि इंजिनियर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजातून. मला हे कळलं तेव्हा दादाला वॉर्डात सांगितलं, त्याला बोलता येत नव्हतं, त्यानं नुसता अंगठा दाखवला.

त्या लेझरचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, तो पाण्यात लगेच शोषला जातो, आणि गाल म्हणजे बहुतेक पाणीच, म्हणून तो वरचेवर बारीक वाफ करत कापतो. डेंटल क्लिनिकमध्ये जास्त करून असतं ते डायोड लेझर, ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटरचं, मशीन टिफिनएवढं, पुढे केसापेक्षा थोडी जाड काचेची तार. ते रक्ताच्या आणि काळ्या रंगद्रव्यावर काम करतं म्हणून रक्त पटकन थांबवतं. अर्बियम नावाचंही असतं, ते हाडावर दातावरही चालतं. कुठलं चांगलं यावर डोकं फोडू नका, ज्याचा हात ज्यावर बसलाय ते चांगलं.

फायदा खरा आहे, रक्त कमी जातं, बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात, छोट्या कामाला टाके लागत नाहीत, सूज थोडी कमी असते. जिभेखालचा पडदा जखडलेला असेल, खालच्या ओठात पाण्याची गाठ असेल, गालात चावून चावून मासाचा गोळा झाला असेल तर लेझर म्हणजे अर्ध्या तासाचं काम, घरी जाऊन थंड दही-भात खा, संपलं. पण तोटेही आहेत. धूर निघतो तो ओढणारं सक्शन हवं, पेशंटसकट सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल हवा, आणि भाजलेली जखम सुरुवातीला ब्लेडच्या जखमेपेक्षा सावकाश भरते.

आमचा घोळ इथेच झाला. एका खाजगी क्लिनिकच्या बोर्डवर "बिना टाका, बिना दुखणं, एका तासात घरी" लिहिलेलं होतं. दादाचं तेव्हा १७ मिलिमीटर उघडत होतं. गालात सुई देऊन दोन्हीकडच्या दोऱ्या लेझरनं कापल्या, केस जळाल्यासारखा वास आला म्हणे, आणि खरंच तासाभरात घरी. तोंड ३० उघडलं! आईनं पेढे वाटले. पण कापलेल्या जागेवर काहीच झाकलं नव्हतं, उघडी जखम तशीच भरायला सोडली होती, आणि व्यायामाचं सांगितलं ते एवढंच की "तोंड उघडत राहा". उघडी जखम भरते ती आक्रसूनच भरते, हाताला भाजल्यावर कातडी ओढली जाते ना तसंच. चौथ्या महिन्यात माप ११. आधीपेक्षा वाईट. लेझरची चूक नव्हती त्यात, कापलं तर सुरेखच होतं.

म्हणून पैसे भरायच्या आधी हे विचारा. करणारा ओरल सर्जन आहे का, म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत एमडीएस केलेला. कापल्यावर जागा कशानं झाकणार. किती मिलिमीटरपर्यंत उघडणार आणि तेवढं नाही उघडलं तर टेबलावर पुढे काय करणार. व्यायाम कोण शिकवणार आणि कधी सुरू. चौथ्या प्रश्नावर जो डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो तो बरोबर माणूस, आमचा अनुभव. सरकारी डेंटल कॉलेज नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात आहे, मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात, छत्रपती संभाजीनगरला घाटी हॉस्पिटलच्या आवारात, शिवाय मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल. रांग असते, वेळ जातो, पण हे रोगी तिथे रोजचे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची केस बसते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

ऑपरेशनच्या आधी

खर्रा बंद, आणि ऑपरेशनच्या दिवसापासून नाही, काही आठवडे आधीपासून. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा फुकट नंबर आहे. दादानं पहिले दहा दिवस खिशात भाजलेली बडीशेप ठेवली आणि सगळ्यांवर खेकसला, ते धरून चाला. शुगर, बीपी, रक्ताच्या तपासण्या होतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. दात साफ करून घ्या. जबड्याचा मोठा एक्सरे काढतात, अक्कलदाढा बहुतेक वेळा त्याच ऑपरेशनमध्ये काढतात, कारण तोंड उघडल्यावर त्या नव्या गालाला घासत राहतात.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पूर्ण भूल द्यायला घशात नळी घालावी लागते, आणि तोंड ११ मिलिमीटर उघडत असेल तर ती तोंडातून जाणार कशी? मग नाकातून, बारीक कॅमेऱ्याच्या मदतीनं, बरेचदा पेशंट अर्धा जागा असताना. दादा म्हणतो अख्ख्या प्रकरणात तेवढीच पाच मिनिटं वाईट होती. भूलतज्ज्ञाला आधी भेटा आणि हे विचारून घ्या, म्हणजे टेबलावर घाबरायला होत नाही.

टेबलावर काय करतात

लेझरनं किंवा ब्लेडनं गालातल्या दोऱ्या ओठाच्या कोपऱ्यापासून मागे घशाच्या खांबापर्यंत कापतात, लाळेच्या नळीचं तोंड वाचवून. मग यंत्रानं तोंड हळूहळू उघडतात. जर ३५ च्या पुढे गेलं नाही तर खालच्या जबड्याचं वरचं टोक, जिथे कानशिलाचा स्नायू चिकटलेला असतो, ते कापून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जुन्या केसमध्ये तो स्नायूही आखडलेला असतो. दादाचं टेबलावर ४० उघडलं.

आता दोन्ही गालात उघडी जागा झाली, ती झाकायची कशानं, हा खरा प्रश्न. सगळ्यात सोयीची गालातलीच चरबी, बकल फॅट पॅड. प्रत्येकाच्या गालात ती गादी असते, वरच्या दाढांच्या मागे छोटा काप घेतला की हळूच बाहेर ओढता येते, तिचा रक्तपुरवठा तिच्यासोबतच येतो, चेहऱ्यावर वण नाही. टाके घालून बसवली की पहिले दिवस पिवळी दिसते, मग लाल होते, आणि महिनाभरात तिच्यावर तोंडाची त्वचा चढते. अडचण एकच, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ती पुरत नाही, आणि फार जुन्या रोगात ती सुकलेलीही असते.

मग नाकाशेजारच्या घडीतली कातडी आत वळवतात, नेझोलेबियल फ्लॅप. मजबूत, आखडत नाही, पण चेहऱ्यावर दोन बाजूंना रेघ राहते आणि पुरुषांमध्ये तोंडाच्या आत दाढीचे केस उगवतात. हसू नका, खरंच उगवतात, ते पुढे लेझरनंच घालवता येतात. मांडीची पातळ कातडी लावली तर ती आक्रसते. जिभेचा तुकडा आता सहसा वापरत नाहीत. छोट्या जागेला कोलॅजनचा पडदा चालतो. फार मोठी जागा असेल, कॅन्सरच्या केसमध्ये वगैरे, तर मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट आणून मायक्रोस्कोपखाली जोडतात, ते प्लास्टिक सर्जनचं मोठं काम आहे. दादाला मागे चरबी आणि पुढच्या बाजूला कोलॅजन असं दोन्ही लावलं.

पहिला आठवडा

नाकात नळी असते, तिच्यातून दूध, गाळलेलं वरणाचं पाणी, नाचणीची पातळ आंबील, सगळं कोमट आणि गाळणीतून दोनदा. नळीत गुठळी अडकली की रात्री दोन वाजता वॉर्डभर धावपळ. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं, नर्स सांगतात पण आपण विसरतो.

चौथ्या दिवशी मी टॉर्च मारून आत बघितलं आणि हादरलो, पिवळा-पांढरा थर, म्हटलं पू झाला. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, तो खरवडू नका, जखमेवर असाच थर येतो." खरं धोक्याचं म्हणजे ताप, सडका वास, लावलेला भाग काळा पडणं, दाबून धरूनही वीस मिनिटांत न थांबणारं रक्त, आणि जिभेखाली सूज येऊन श्वासाला किंवा गिळायला त्रास. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

काड्या

आता या लेखातला मुख्य भाग. व्यायाम ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत सुरू होतो, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, आणि कमीत कमी सहा महिने, आमच्या डॉक्टरांनी तर वर्षभर सांगितलं. ज्या दिवशी गाल भरून येतो ना, त्याच दिवसापासून तो आखडायलाही लागतो, आणि पेशंटला वाटतं आता बरं झालं.

लागतात फक्त आइस्क्रीमच्या काड्या, नव्या, स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळतं. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. जितक्या सहज जातात तितक्या एकावर एक रचून दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधा. पुढच्या दातांत नाही ठेवायच्या, ते हलायला लागतात, दाढांमध्ये ठेवायच्या, पाच मिनिटं उजवीकडे, पाच मिनिटं डावीकडे. मग एक काडी ओली करून गठ्ठ्याच्या बरोबर मधे सरकवायची, वरून किंवा खालून घातली तर सगळा गठ्ठा घसरतो. दुखेल, डोळ्यांत पाणी येईल, पण रक्त यायला नको. दिवसातून पाच-सहा वेळा. सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेली दुखायची गोळी अर्धा तास आधी. काड्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायच्या आणि फुगल्या की फेकायच्या, नाहीतर बुरशी येते. काही जणांना हीस्टर नावाचं स्क्रूचं यंत्र देतात, ते चांगलं आहे, पण त्याच्यावर जोर जास्त लागतो आणि दात मोडायची भीती असते, शिकल्याशिवाय फिरवू नका.

आमच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी स्टीलच्या ग्लासात काड्या असायच्या आणि वहिनी रोज सकाळी किती काड्या गेल्या तो आकडा कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात लिहायची. दुसऱ्या महिन्यात आकडा १६ वरून १३ वर घसरला, कारण दिवाळीत चार दिवस दादानं कंटाळा केला. चार दिवस फक्त! ते १६ परत यायला पाच आठवडे गेले. म्हणून लग्न असो, प्रवास असो, काड्या खिशात. एसटीत बसून तोंडात काड्या घेतलेला माणूस विचित्र दिसतो, बघू द्या लोकांना.

खाणं हळूहळू वाढवायचं. पातळ वरण, मऊ भात, उकडलेलं अंडं, मग दुधात भिजवलेली पोळी. तिखट, गरम चहा, पापड, चिवडा बरेच दिवस बंद.

पुढची वर्षं

तोंड उघडलं म्हणून धोका गेला असं नाही. केरळात एर्नाकुलमला अशा पेशंटचा सतरा वर्षं पाठपुरावा केला होता, १९८५ मध्ये छापून आला, त्यात ७.६ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला. ऑपरेशन रोग काढत नाही, रोगानं बांधलेला गाल मोकळा करतं, आणि मोकळ्या तोंडात मागपर्यंत बघता येतं हाही त्याचा मोठा फायदा, कारण बंद तोंडात वाढलेलं काही दिसतच नाही. डॉक्टर सांगतील तसं तीन-सहा महिन्यांनी दाखवत राहायचं, आयुष्यभर.

वर्ष झालं, दादाचं ३४ आहे, म्हणजे सतरा काड्या. मागच्या चेकअपला डॉक्टरांनी एक्सरे बाजूला ठेवून आधी कॅलेंडर मागितलं आणि महिनेच्या महिने उलटून बघितलं, एप्रिलमध्ये तीन चौकोन कोरे सापडले त्यावर दादाला दहा मिनिटं झापलं. गुपचूप आता अख्खी जाते, फक्त पाणी गोडच घ्यावं लागतं.